राक्षसाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात राक्षसाचं काम बाबांकडे होतं. राजा, राजपुत्र, राजकन्या ही कामंही तेच करायचे, पण उरकून टाकल्यासारखी. राक्षस यायची वेळ झाली की मात्र ते पाय पसरून, खाकरून, गादीवर ऐसपैस बसायचे. मग त्यांच्या पोटातून असा काही आवाज निघायचा की शेजारच्या खोलीत चाललेलं भांडणसुद्धा घटकाभर थांबे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. राक्षस राजकन्येला पळवून नेतो. ती त्याचे पाय चेपता चेपता लाडीगोडीने विचारते, तुझा जीव कशात आहे? तो सांगून बसतो, सात समुद्रांपलीकडे ताडाच्या झाडावर पिंजरा आहे, पिंजऱ्यात पोपट आहे, त्यात माझा जीव. राजकन्या ते राजपुत्राला सांगते. राजपुत्र पोपट आणतो आणि एकेक पंख उपटतो. इथे बाबांचा उजवा हात लुळा पडायचा, मग डावा. पोपटाचा पाय मोडला की बाबांचा पाय वाकडा. शेवटी मान मुरगळली की ते जीभ बाहेर काढून असे आडवे व्हायचे की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "हवालदारानू, माळो पाडतास काय?"

बाबा हवालदार नव्हते, साधे शिपाई होते. निळा डगला आणि पिवळी टोपी. पोलीस लाइनीत खोली मिळत होती, पण आईला गाववाल्यांत राहायचं होतं, म्हणून आम्ही काळाचौकीच्या त्या चाळीत राहिलो. अर्धी चाळ आमच्या गावची. तळमजल्यावर गावकीची खोली होती. ज्यांची बायकामुलं गावाला, ते गिरणीतले बाप्ये तिथे आपापली ट्रंक मांडून राहायचे. सगळ्यांत वडीलधारे म्हणजे थोरले काका; नात्याने नव्हे, सगळी चाळच त्यांना तसं म्हणायची. ते चाळीत बिऱ्हाड करून होते आणि गावकीचा शब्द त्यांचा असे. त्यांचा धाकटा मुलगा गिरणीत बदली कामगार म्हणून जायचा. मिसरूड फुटलेलं, म्हणजे गोष्ट ऐकायचं वय उलटलेलं. पण मान मुरगळायच्या वेळी तो आमच्या दाराच्या चौकटीला टेकून हजर असायचाच, आणि विचारलं तर म्हणायचा, "मी काय, वाऱ्याक उभो आसंय." जिन्यात भेटला की मला 'राक्षसाची पोर' म्हणून चिडवायचा. मला ते आवडायचं. राक्षसाची पोर असणं आमच्या मजल्यावर मानाचं होतं. राजपुत्र मला कधीच आवडला नाही. राजकन्येने सगळं विचारून ठेवल्यावर आयता जाऊन पोपट धरणारा.

मग ते दिवस आले. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं होतं. आमची चाळ तर उकळत होती. सकाळी नळावरसुद्धा घोषणा. आता जो भेटतो तो म्हणतो आम्ही चळवळीत होतो. तेवढी सगळी माणसं रस्त्यावर असती तर मुंबईत उभं राहायला जागा उरली नसती. पण आमच्या चाळीतले खरोखरच होते. पाळी सुटली की थेट मोर्चात. आणि बाबा रोज सकाळी त्याच जिन्याने उतरून मोर्चाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहायला जायचे. सुरुवातीला त्याचीही थट्टा व्हायची. "आज आमका आडवतलास काय?" असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "तू माझ्या बाजून येव नको, म्हणजे झाला."

गोळीबार झाला त्या दिवशी बाबा घरी आले नाहीत. थोरल्या काकांचा धाकटाही आला नाही. तो दादरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडला होता. त्याला चाळीत आणलं तेव्हा आईने माझं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं. मला फक्त आवाज ऐकू आले. त्याच्या आईचा आवाज मी आजही ऐकू शकते, आणि ऐकू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. कपडे साधे, डगला आणि टोपी बाजाराच्या पिशवीत गुंडाळलेली. ते जिना चढत होते आणि एकेका मजल्यावरचं बोलणं बंद पडत होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाट अडवली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थोरल्या काकांच्या दाराशी ते थांबले, चपला काढल्या. आतून कुणीतरी दार लोटून घेतलं. बाबांनी चपला पुन्हा घातल्या आणि वर आले.

त्यानंतर चाळीने काही केलं नाही, आणि तेच भयंकर होतं. नळावर आईचा हंडा मागे सरकवलेला असायचा. तिचा नंबर येईपर्यंत पाणी जायचं. आमच्या दारात गोष्टीला जमणारी पोरं दिसेनाशी झाली. एका सकाळी आमच्या उंबऱ्यावर हिरवा पोपट पडला होता. मातीचा, जत्रेत मिळतो तसला. त्याची मान मोडून नीट बाजूला ठेवली होती. आईने तो केराच्या डब्यात टाकला आणि हात तीनदा धुतले. मी खाली गेले तर जिन्यातली मोठी मुलं म्हणाली, "राक्षसाची पोर." शब्द तेच होते, पण मी परत वर आले.

बाबांनी गोष्ट सांगणं सोडलं होतं. पण माझा धाकटा भाऊ तेव्हा डांग्या खोकल्याने हैराण होता. खोकून खोकून काळानिळा पडायचा. त्याला उगी करायला एका दुपारी मीच म्हटलं, बाबा, राक्षसाची सांगा. ते भिंतीकडे तोंड करून पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेने घासत बसले होते. बराच वेळ घासतच राहिले. मग त्यांनी सुरुवात केली, पण राक्षसाच्या आवाजात नाही. त्यांच्या स्वतःच्याच.

"मी राक्षस. सकाळी उठतंय, आंघोळ करतंय, नि राजाच्या वाड्यार कामाक जातंय."

"राक्षस राजाकडे नोकरीला होता?"

"मगे खायत काय? राजा म्हणालो, तुझो जीव माझ्याकडे ठेव, मी सांभाळतंय. महिन्याचो पगार घे. त्येनाच तो पोपटात घातल्यान नि पिंजरो खंयतरी टांगल्यान."

"सात समुद्रांपलीकडे."

"माका कोणी दाखवल्यानी नाय. मी तो पोपट बघूकच नाय."

मी म्हटलं, राजपुत्र कधी येतो? बाबा म्हणाले, येतो की, एक दिवस राजा सांगतो, रस्त्याने राजपुत्र येतायत, त्यांना अडव. मी म्हटलं, राजपुत्र एकच असतो. तेव्हा बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "माकाय तसाच वाटला होता," ते म्हणाले. "बघतंय तर हजारभर. नि त्यातले कितीतरी आमच्याच गावचे." मग त्यांनी मला आईकडून आणखी चिंच आणायला पाठवलं, आणि मी आले तर गोष्ट संपलेली होती.

पुढे ती अशीच तुकड्या-तुकड्यांनी आली. एकदा म्हणाले, गोष्टीत सांगतात की राक्षस घरात शिरला की त्याला माणसाचा वास येतो, माणूसघाण. खोटं आहे ते. राक्षस जिना चढतो तेव्हा माणसांना त्याचा वास येतो. मला त्या गोष्टीची भीती वाटू लागली होती. पूर्वी राक्षस मरायचा तेव्हा आम्ही हसायचो. हा राक्षस मरतही नव्हता आणि हसवतही नव्हता.

शिमगा जवळ आला तशी गावकीची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीतले दोघे आमच्या दाराशी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. एकाने जमिनीकडे बघत सांगितलं, "पोराचा देवाक घालूचा ठरला हा. होळयेकडे गाऱ्हाणा तुमकाच घालूक होया."

कोकणाबाहेरच्या माणसाला यातली धार कळायची नाही, म्हणून सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेलं मागणं. एकाने एकेक मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या 'व्हय म्हाराजा'शिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही. या गाऱ्हाण्यात सुख मागता येतं, तसं वाईटही मागता येतं. ज्याने वाकडं केलं त्याला देवाच्या हवाली करायचं, त्याला म्हणतात देवाक घालणं. आणि देवाक घातलेलं त्या एका माणसावर थांबत नाही. त्याचं घर, पोरंबाळं, सात पिढ्या धुंडाळतं, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. गाऱ्हाणं कुणीही घालायचं नसतं. तो मान एका घराचा असतो, बापाकडून मुलाकडे येतो. आमच्या गावात तो मान आमच्या घराचा होता. म्हणजे त्या मुलाला ज्याने मारलं त्याच्यावरचा शाप बाबांच्याच तोंडून जायचा होता.

ते दोघे गेल्यावर आईने दार लावून घेतलं. दहा बाय बाराच्या खोलीत गुपित ठेवायला जागा नसते. तिने माझ्यासमोरच विचारलं.

"थय होतास तुमी?"

"होतंय."

"हातात काय होता?"

"बंदूक."

आई खाली बसली. भाऊ तिच्या मांडीवर खोकत होता. बाबा उभ्या उभ्याच बोलत राहिले. रांगेत उभं केलं होतं. हुकूम झाला. सगळ्यांनी उडवल्या. धूर झाला, माणसं पळाली, काहीजण पडले. कुणाची गोळी कुणाला लागली ते रांगेतल्या एकालाही ठाऊक नाही. "माझीच लागली आसात. नसातय. मी काय सांगू?"

"मगे शिमग्याक ड्युटी मागून घेवा," आई म्हणाली. आणि ते अगदी सोपं होतं. शिमग्याला पोलिसाला रजा मिळत नाही, बंदोबस्त असतो; बाबा गेली कित्येक वर्षं होळीला घरी नव्हतेच. गाऱ्हाणं मग त्यांच्या वतीने थोरले काका नारळ ठेवून उरकायचे. यंदाही तसं झालं असतं तर कुणी तोंडावर काही बोललं नसतं.

"गेलंय नाय तर तेंका कळतला," बाबा म्हणाले.

"नि गेलास तर?" आईने मांडीवरच्या पोराकडे बोट दाखवलं. "ह्येका बघा. ह्यो आधीच आर्धो झालो हा. तुमच्याच तोंडान तुमी ह्येचा वाटोळा मागतलास?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पुढचे सगळे दिवस आई भावाच्या छातीला तेल चोळत होती, आणि चोळताना बाबांकडे अशी बघत होती की मला तिचीच भीती वाटायची. होळीच्या आदल्या दिवशी बाबा घरी आले आणि म्हणाले, रजा मिळाली. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी शिमग्याची रजा मागितली होती. साहेबाने कारण विचारलं, तर त्यांनी देवाचं काम आहे एवढंच सांगितलं म्हणे.

होळी चाळीच्या चौकात असायची. दिवेलागणीला लाकडं, गोवऱ्या रचून झाल्या. बाप्ये खाली गोल करून उभे राहिले, बायका आणि पोरं गॅलरीत. आम्ही पहिल्या मजल्याच्या कठड्याला होतो. आईच्या खांद्यावर भाऊ होता. आमच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत ती कशी राहिली कोण जाणे. थोरले काका लाकडांजवळ पाटावर बसले होते. ते त्या दोन-अडीच महिन्यांत वाळून गेले होते. बाबा अनवाणी, धोतर-सदरा, डोक्याला काळी टोपी, हातात नारळ. ते गोलात शिरले तेव्हा माणसं बाजूला झाली आणि मागून पुन्हा जुळली. मला वाटलं, आता बाबा बाहेर येणार नाहीत.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली. आवाज पोटातून आला. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते मी.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. ही तुझी लेकरां पोटासाठी ममयत येवन पडली हत, तेंका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"गावाक घरांत म्हातारी माणसां हत, गुरांढोरां हत, तेंची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

मी दरवर्षी वरून जमेल तेवढं ओरडून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. पोरींनी म्हणायचं नसतं, पण लहान म्हणून कुणी बोलायचं नाही. त्या दिवशी मी कठडा धरून नुसती बघत राहिले.

"ह्या घरचो एक झील गोळी लागान गेलो," बाबा म्हणाले. त्यांनी थोरल्या काकांकडे बघितलं नाही, नारळाकडे बघितलं. "त्येना कोणाचा वायट करूक नव्हता. ज्येच्या हातान त्येचो जीव गेलो, त्येका तू सोडू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" चौक हादरला. भाऊ दचकून खोकायला लागला.

पुढचं काय असतं ते सगळ्यांना पाठ होतं. त्याचं घर, त्याची पोरंबाळं, त्याचा वंश. बाप्ये छाती भरून घेऊन वाट बघत होते. बाबा थांबले होते. आई भावाला थोपटत होती, पण खोकला थांबत नव्हता, आणि त्या शांततेत खाली फक्त तो खोकला ऐकू जात होता. बाबांनी मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं.

"ज्येना बंदूक धरल्यान," ते म्हणाले, "त्येचा जा काय व्हायचा आसात, ता त्येच्याच आंगार येवंदे. कधीय येवंदे. त्येच्या बायलमाणसार, पोरांबाळांर येवंदे नको. त्येंचो काय दोष नाय म्हाराजा."

कुणीही 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. असं मागणं त्या चौकात कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि असं मागणारा माणूस कोण, हे आता सांगायची गरज नव्हती. एकाने पुढे पाऊल टाकलं, दुसऱ्याने त्याचा दंड धरला. तेवढ्यात माझ्या कानाशी हळू, पण स्पष्ट आवाज आला. आई म्हणाली होती, "व्हय म्हाराजा."

बायका गाऱ्हाण्याला उत्तर देत नाहीत. मी वर बघितलं. ती बाबांकडे बघत होती आणि भावाला तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिने नवरा दिला होता आणि पोरं मागून घेतली होती, एवढं मला त्या वयातही कळलं. मला तिचा त्या क्षणी रागही आला.

मग खाली थोरले काका पाटावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. ते बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांच्यामागून सगळे म्हणाले. नारळ होळीत पडला आणि लाकडं पेटली.

दुसऱ्या दिवशी नळावर आईचा हंडा त्याच्या जुन्या जागी होता. भावाचा खोकला उन्हाळ्यात गेला. डांग्या खोकला तसाही आपल्या मुदतीने जातो, पण आई हे कधीच मान्य करायची नाही. मातीचा पोपट पुन्हा कुणी ठेवला नाही. चाळ आमच्याशी बोलू लागली. फक्त बाबांशी बोलताना माणसं जरा जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत.

आणि बाबा वाट बघू लागले. ते कधी बोलले नाहीत, पण आम्ही एका खोलीत राहत होतो. रस्ता ओलांडताना ते थांबायचे. साधा ताप आला तरी आईकडे बघायचे आणि आई त्यांच्याकडे. आई त्यांच्या ताटात आधी वाढायची, त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करायची, आणि जिन्यात त्यांची पावलं वाजेपर्यंत तिचं कशात लक्ष नसायचं. मुंबईसकट मराठी राज्य झालं त्या दिवशी बाबा शिवाजी पार्कला बंदोबस्तावर होते. गर्दीतल्या कुणीतरी त्यांच्या हातावर पेढा ठेवला होता. तो त्यांनी रुमालात बांधून घरी आणला, थोरल्या काकांच्या घरी नेऊन दिला आणि वर येऊन डगला खुंटीला लावला.

पेन्शन झाली, थोरले काका गेले, चाळीतल्या कितीतरी खोल्यांना कुलपं लागली. बाबा होतेच. माझी मुलगी गोष्टीच्या वयाची झाली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. एका दुपारी ती त्यांच्याकडे राक्षसाची गोष्ट मागत बसली. त्यांनी सांगितली, पण पंख उपटल्यावर त्यांचा हात लुळा पडला नाही.

"मेला का राक्षस?" तिने विचारलं.

"नाय गो. पोपटाची मान कोण मुरगाळणाच नाय. राक्षस बसलो हा वाट बघीत."

असली गोष्ट तिला आवडली नाही. ती झोपून गेली. आई बाबांच्या पायाशी बसून त्यांचे पाय चेपत होती. गुडघे दुखायचे त्यांचे. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. आईने हात न थांबवता विचारलं, आणि ते इतक्या वर्षांनी विचारलं, "माझो कधी राग नाय इलो तुमका?"

"कसलो?"

"त्या होळयेक मी म्हटलंय होता. व्हय म्हाराजा."

बाबा डोळे मिटून पडले होते. त्यांनी पाय थोडा सरळ केला, तिला चेपायला बरं पडावं म्हणून.

"आयकलंय मी," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आदी तुझोच आवाज इलो. तेवा माका धीर इलो."